पवित्र शास्त्रातल्या संख्या कशा अभ्यासाव्यात: आधी मोजणी, मग अर्थ

जालना, परतूर, बीड, अंबाजोगाई, परभणी या पट्ट्यातल्या घरगुती प्रार्थना सभांमध्ये संख्यांवरचा संदेश लोक कान देऊन ऐकतात. तो संदेश तयार मात्र उलट्या बाजूने झालेला असतो. सांगणाऱ्याच्या मोबाइलवर एक तक्ता आलेला असतो: ३ म्हणजे त्रैक्य, ५ म्हणजे कृपा, ६ म्हणजे मनुष्य, ७ म्हणजे परिपूर्णता, ८ म्हणजे नवी सुरुवात, ४० म्हणजे परीक्षा. वचनात संख्या दिसली की तक्त्यातला शब्द उचलायचा आणि तिथं डकवायचा. पाच भाकरी? कृपा. मग मत्तय २५ मधल्या पाच मूर्ख कुमारी? इथं सांगणारा गप्प बसतो, नाहीतर त्यांच्यावरही कृपा करून मोकळा होतो.

तक्ता सगळाच खोटा नसतो. पण तो शेवटी उघडायचा असतो. खालचा क्रम रविवारच्या शाळेचे शिक्षक, तरुण संघात वचन सांगणारी पोरं-पोरी आणि महिला मंडळाच्या सभा घेणाऱ्या भगिनी यांच्यासाठी आहे. पायऱ्या मागेपुढे करू नका. या विषयातल्या बऱ्याच चुका पायरी गाळल्यामुळेच होतात.

## तयारी

दोन भाषांतरं जवळ ठेवा. बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र बहुतेक घरांत असतंच. त्याच्या जोडीला पंडिता रमाबाईंचं भाषांतर किंवा दुसरं कुठलंही मराठी, हिंदी वा इंग्रजी भाषांतर चालेल. संख्या दोन भाषांतरांत वेगळी निघाली तर तिच्यावर संदेश उभारायच्या आधी थांबायचं. लूक १०:१ मध्ये प्रभूने पाठवलेले शिष्य काही प्राचीन हस्तलिखितांत ७० आहेत, काहींत ७२. मत्तय १८:२२ मध्ये क्षमेची संख्या काही भाषांतरांत सातांच्या सत्तर पट, म्हणजे ४९० होते, तर काहींत ७७.

वही आखा. पाच रकाने: संदर्भ, संख्या, कशाची संख्या, कोण बोलतंय, आणि वचनानेच अर्थ दिलाय का. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ‘सात’ एवढंच लिहून चालत नाही. सात दिवे, सात भुतं, सात वर्षं असं लिहा.

मोबाइलवर शोधताना काळजी घ्या. अॅपमध्ये ‘सात’ टाकलं की ‘दिवसात’, ‘पावसात’ आणि ‘सातशे’ही येतात. ‘चाळीस’ शोधलं तर ‘चाळिसाव्या’ सुटतं, कारण वेलांटी बदलते. म्हणून प्रत्येक संख्येची दोन-तीन रूपं शोधा आणि आलेली यादी डोळ्यांखालून घाला.

आपल्या घरच्या संख्या बाहेर ठेवा. ही तयारी कुणी करत नाही. आपल्या मनात संख्यांना आधीच रंग लागलेले असतात: सव्वा, ११, २१, ५१ शुभ, साडेसाती वाईट, ‘तीन तिघाडा काम बिघाडा’. चर्चला जाणाऱ्यांच्या मनातूनही हे जात नाही, अहेराच्या पाकिटात एक रुपया वर घालणारे आपणच असतो. साडेतीनचंच बघा. माहूरची रेणुका आणि तुळजापूरची भवानी मराठवाड्यातच. साडेतीन पीठं आणि साडेतीन मुहूर्त ऐकत वाढलेल्या माणसाला साडेतीन हा आकडा मंगल वाटतो. दानीएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांत साडेतीन हा छळाचा काळ आहे, साताचा मधेच तुटलेला अर्धा भाग. घरचा रंग घेऊन तिथं गेलात तर सगळं उलटं वाचाल.

## पायरी १: संख्या वचनात लिहिलेली आहे, की आपण मोजली?

आधी वचन उघडा आणि त्या संख्येवर बोट ठेवा. बोट ठेवता येत नसेल तर ती संख्या लेखकाची नाही.

नाताळच्या नाटकात तीन मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, येतात. मत्तय २ मध्ये दानं तीन आहेत: सोनं, ऊद, गंधरस. माणसं किती, हे मत्तय सांगतच नाही. तिघांवर त्रैक्याचा संदेश दिला तर तो नाटकावर दिलेला संदेश होतो.

उत्तम शुक्रवारच्या उपासनेतले वधस्तंभावरचे सात उद्गार घ्या. एकाही शुभवर्तमानात सात नाहीत. लूकमध्ये तीन आहेत, योहानात तीन, आणि मत्तय व मार्क या दोघांत मिळून एकच. चारही एकत्र केल्यावर सात झाले. मनन करायला ही मांडणी उत्तमच आहे, ती सोडा असं मी म्हणत नाही. पण ‘प्रभू मुद्दाम सात वेळा बोलला, कारण सात ही पूर्णतेची संख्या’ असं म्हणू नका.

योहानातली ‘सात चिन्हं’ जरा वेगळी. योहान पहिलं चिन्ह (२:११) आणि दुसरं (४:५४) मोजून सांगतो, मग मोजणं सोडून देतो. पुढची मोजणी वाचकांची आहे. ती पटण्यासारखी आहे, तरी वहीत ‘वाचकाची मोजणी’ असा शेरा मारा.

सावधान: अध्यायांचे आणि वचनांचे क्रमांक हे प्रेरित लेखकांचं काम नाही. आजची अध्यायरचना १३व्या शतकाच्या सुरुवातीची, स्टीफन लँग्टन यांच्या नावावर असलेली. नव्या करारातले वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. मलाखीचे आपल्याकडे चार अध्याय आहेत, हिब्रू शास्त्रात तीन. अनेक स्तोत्रांचं शीर्षक हिब्रूत पहिलं वचन म्हणून मोजतात, त्यामुळे पुढचे सगळे आकडे एकाने सरकतात. ‘स्तोत्र ११८:८ हे शास्त्राचं बरोबर मधलं वचन’ हा फिरता मेसेज त्यामुळे बाजूला ठेवा. ‘यशयाचे अध्याय ६६, शास्त्राची पुस्तकंही ६६’ हेही तसंच: आपल्या शेजारच्या कॅथलिक कुटुंबाच्या बायबलमध्ये पुस्तकं ७३ आहेत.

## पायरी २: मजकूर कोणत्या जातीचा आहे?

तीच संख्या हिशोबात एक काम करते, कवितेत दुसरं, दृष्टान्तात तिसरं.

*हिशोब.* प्रेषितांची कृत्ये २७:३७ मध्ये पौलाच्या जहाजावर २७६ माणसं आहेत. वादळातली डोकी मोजलीत, संपलं. १ पासून २३ पर्यंतच्या सगळ्या संख्यांची बेरीज २७६ येते, हे गणित खरं आहे आणि इथं निरुपयोगी आहे. तसाच बेथेस्दा तळ्याजवळचा, ३८ वर्षं आजारी असलेला माणूस (योहान ५:५). अनुवाद २:१४ मध्येही ३८ वर्षं आहेत म्हणून दोन्ही जोडण्याचा मोह होतो. योहान तसं कुठंही सुचवत नाही, तेव्हा मोह आवरा.

*कविता.* हिब्रू कवितेत एक संख्या आणि तिच्यापुढची संख्या अशी जोडी येते. नीतिसूत्रे ६:१६ मध्ये सहा, नव्हे सात गोष्टी. नीतिसूत्रे ३० मध्ये तीन, नव्हे चार. आमोसाच्या पहिल्या दोन अध्यायांत प्रत्येक राष्ट्राबद्दल तीन अपराध, नव्हे चार. आमोस बहुतेक राष्ट्रांचे चार अपराध मोजून दाखवतच नाही, एखादाच सांगतो. मुद्दा चाराचा नसून माप भरून वाहू लागल्याचा आहे. आपण ‘दोन-चार वेळा सांगून बघितलं’ म्हणतो तेव्हा कुणी मोजदाद मागत नाही. नीतिसूत्रांत मात्र यादी खरोखर दिलेली असते, तिथं ती मोजा.

*बोलण्यातली ढोबळ संख्या.* लाबानाने आपलं वेतन दहा वेळा बदललं, अशी याकोबाची तक्रार आहे (उत्पत्ती ३१:७). गणना १४:२२ मध्ये इस्राएलाने दहा वेळा परीक्षा पाहिली, असं परमेश्वर म्हणतो. स्तोत्र ५०:१० मध्ये हजार डोंगरांवरची गुरंढोरं देवाची आहेत. हजार-एकाव्या डोंगरावरची कुणाची, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडत नाही.

*दृष्टान्त.* म्हणजे संदेष्ट्यांना झालेली दर्शनं: यहेज्केल, दानीएल, जखऱ्या, प्रकटीकरण. इथं संख्या मुद्दाम रचलेल्या असतात आणि प्रतीक शोधायला सगळ्यात जास्त वाव इथंच आहे. गंमत अशी की लोक नेमके इथंच संख्या शब्दशः धरतात आणि जहाजावरच्या डोक्यांत गूढ शोधतात.

तपासा: वहीतल्या प्रत्येक ओळीसमोर हिशोब, कविता, बोलणं, नियमशास्त्र (म्हणजे कायदा), दृष्टान्त यांपैकी एक शब्द लिहिला का? ठरवता येत नसेल तर प्रश्नचिन्ह टाका, पण रकाना रिकामा सोडू नका.

## पायरी ३: त्या काळची मोजायची पद्धत लक्षात घ्या

शास्त्रातले लेखक पुष्कळदा पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस धरून मोजतात. शुक्रवारी मरण आणि रविवारी पुनरुत्थान, हा ‘तिसरा दिवस’ होतो तो असा. ७२ तास भरत नाहीत म्हणून घाबरणारे आणि ते भरवण्यासाठी वधस्तंभाचा दिवस मागे सरकवणारे, दोघंही आपल्या घड्याळाने मोजतात. मराठवाड्यात मंगळवारच्या बाजारात कुणी ‘आठ दिवसांनी ये, पैसे देतो’ म्हणालं तर आपण पुढच्या मंगळवारीच जातो, बुधवारी नाही. योहान २०:२६ मधले ‘आठ दिवस’ असेच, रविवार ते रविवार. डोंगरावरच्या प्रभूच्या रूपांतराच्या आधी मार्क ९:२ सहा दिवस सांगतो आणि लूक ९:२८ सुमारे आठ. एकाने दोन टोकं सोडून मोजलं, दुसऱ्याने धरून, असं पुष्कळ अभ्यासक समजतात.

दुसरी पद्धत म्हणजे गोळाबेरीज. २ शमुवेल ५:४ म्हणतं दाविदाने ४० वर्षं राज्य केलं. पुढचंच वचन वाचा: हेब्रोनात ७ वर्षं ६ महिने, यरुशलेमात ३३ वर्षं. बेरीज साडेचाळीस. लेखकाला बेरीज येत नव्हती असं नाही, दोन्ही वचनं लागोपाठ आहेत. त्याला चाळीस ही भरीव संख्या हवी होती.

तिसरी पद्धत म्हणजे मांडणीसाठी गाळणं. मत्तय १:१७ वंशावळीचे चौदा-चौदाचे तीन गट करतो. १:८ मध्ये योरामानंतर थेट उज्जीया येतो. १ इतिहास ३:११-१२ शेजारी उघडून ठेवा, मधले अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे गाळलेले दिसतील. गाळले म्हणजे चुकले असं नाही. चौदाचा साचा मत्तयाने बनवलाय, आणि म्हणूनच तो अर्थ शोधण्याजोगा आहे. लेखकाने संख्या भरवण्यासाठी हात चालवला असेल तर ती संख्या बहुधा बोलकी असते. जहाजावरचे २७६ तसे नाहीत.

## पायरी ४: वचन स्वतःच अर्थ सांगतं का?

सांगत असेल तर शोध तिथंच थांबवा. ही पायरी वगळून लोक उगाच लांबचा वळसा घालतात.

फारोच्या स्वप्नातल्या सात गाई म्हणजे सात वर्षं, हे योसेफाने सांगितलं (उत्पत्ती ४१:२६). कनान देश पाहायला गेलेल्या हेरांचे ४० दिवस आणि इस्राएलाची रानातली ४० वर्षं यांचं नातं गणना १४:३४ ने दिलं, एका दिवसाला एक वर्ष. ती वर्षं कशासाठी होती तेही अनुवाद ८:२ मध्ये आहे, नम्र करायला आणि मनात काय आहे ते पारखायला. प्रकटीकरण १:२० मध्ये सात तारे आणि सात समया उलगडून दिल्यात. १७:९-१० मध्ये तर सात डोक्यांचे एकाच वेळी दोन अर्थ दिलेत, सात डोंगर आणि सात राजे. ‘एका चिन्हाला एकच अर्थ’ हा आपला हट्ट शास्त्र स्वतः पाळत नाही.

सावधान: एका ठिकाणी दिलेला अर्थ दुसरीकडे आपोआप लागू होत नाही. ‘एक दिवस म्हणजे एक वर्ष’ हे गणना १४ आणि यहेज्केल ४:६ मध्ये स्पष्ट लिहिलंय. ते उचलून योनाच्या ४० दिवसांना लावलं तर निनवेला ४० वर्षांची मुदत मिळते, आणि गोष्टच कोसळते.

## पायरी ५: सगळी ठिकाणं गोळा करा, नकोशी वाटणारीसुद्धा

आता वही कामाला येते. घाई करू नका. एका संख्येला एक संध्याकाळ द्या.

सातापासून सुरू करा. एका बाजूला सृष्टीचे सात दिवस आणि शब्बाथ, समईचे सात दिवे, सातवं विसाव्याचं वर्ष, ७×७ वर्षांनंतरचं योबेल (सुटकेचं वर्ष), यरीहोभोवती सात याजक, सात कर्णे, सात दिवस आणि सातव्या दिवशी सात फेऱ्या, नामानाच्या यार्देनेतल्या सात बुड्या. एवढ्यावर थांबलात तर ‘सात म्हणजे पवित्र’ असं लिहून मोकळे व्हाल. पण यादी इथं संपत नाही. मग्दालीया मरीयेतून निघालेली भुतं सात होती (लूक ८:२). घर झाडलेलं पाहून अशुद्ध आत्मा आपल्याहून वाईट आणखी सात घेऊन येतो (लूक ११:२६). गोड बोलणाऱ्या द्वेष्ट्याच्या मनात सात अमंगल गोष्टी आहेत (नीतिसूत्रे २६:२५). मिसरातला दुष्काळ सात वर्षांचा. अजगराला डोकी सात.

ही दुसरी यादी संदेशात कुणी वाचत नाही, आणि तीच खरी शिकवते. दोन्ही याद्यांना मिळून बसेल असा अर्थ ‘पवित्र’ हा नाही. ‘पुरतं, भरलेलं, काही शिल्लक न ठेवलेलं’ हा बसतो. भलं पुरतं असू शकतं, तसंच वाईटही. मरीयेची सुटका किती मोठी होती हे मग कळतं.

चाळीस घेतलं की आणखी एक गोष्ट दिसते. चाळीस *दिवस* आणि चाळीस *वर्षं* हे दोन ढीग वेगळे करावे लागतात. दिवसांचा ढीग: जलप्रलयाचा पाऊस, सीनायवर मोशे, हेर, गल्याथाचं रोज येऊन ललकारणं (१ शमुवेल १७:१६), एलीयाची होरेबची वाट, निनवेची मुदत, प्रभूचा रानातला उपास, पुनरुत्थानानंतरचे दर्शनाचे दिवस. वर्षांचा ढीग: रानातली पिढी, शास्त्यांच्या काळातली विसाव्याची चाळीस वर्षं (शास्ते ३:११, ५:३१, ८:२८), एलीची न्यायकी, दावीद आणि शलमोन यांची राज्यं. दिवसांच्या ढिगाला ‘कस लागण्याचा किंवा तयारीचा काळ, त्यानंतर काहीतरी बदलतं’ हे बऱ्यापैकी जमतं. वर्षांच्या ढिगाला ते जमत नाही. शास्त्यांतली चाळीस वर्षं तर शांततेची आहेत. तिथं ‘एक पिढी’ हा अर्थ बरा बसतो. तिसरीकडे, फटक्यांची कमाल मर्यादा चाळीस (अनुवाद २५:३), आणि पौलाने एक कमी चाळीस पाच वेळा खाल्ले (२ करिंथ ११:२४). ती कायद्याची मर्यादा आहे, तिला ढिगात कोंबू नका.

उपवासकाळाचे ४० दिवस सांगताना मुलं हमखास विचारतात की राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ का भरतात. सहा रविवार वजा करा. रविवार उपासाचे नाहीत.

बारा लवकर उरकतं: वंश, प्रेषित, कर्मेलावरचे एलीयाचे बारा दगड. यहूदा इस्कर्योत गेल्यावर अकरांवर भागलं नाही, मत्थियाला घेतलं (प्रेषितांची कृत्ये १:२६). बारा म्हणजे देवाची प्रजा पुरती, एवढं हाताशी ठेवा, पुढच्या पायरीत लागेल.

तपासा: तुमच्या अर्थाला न बसणारी निदान दोन ठिकाणं वहीत आहेत का? नसतील तर तुम्ही शोधलं नाही, वेचलं.

## पायरी ६: मोठ्या संख्या फोडा

मोठी संख्या समोर आली की गुणाकार शोधा. प्रकटीकरण ७:४ मधले १,४४,००० म्हणजे १२ × १२ × १,०००. मग वंशांची यादी वाचा. दान नाही. एफ्राइमाचं नाव नाही, पण योसेफ आणि मनश्शे दोघंही आहेत. वतनाच्या यादीत नसणारा लेवी इथं आहे. यहूदा थोरला नसून पहिला आहे. जनगणनेची नोंद अशी नसते. मांडलेल्या यादीची ही लक्षणं आहेत. शिवाय योहान ही संख्या *ऐकतो* (७:४), आणि *पाहतो* तेव्हा कुणालाही मोजता न येणारा समुदाय दिसतो (७:९). ५:५-६ मध्येही त्याने सिंहाबद्दल ऐकलं आणि पाहिला कोकरा. माझ्या मते दोन्ही ठिकाणी ऐकलेलं आणि पाहिलेलं एकच आहे. ‘स्वर्गात १,४४,००० जागा, त्यातल्या किती भरल्या’ हा प्रश्न त्यामुळे उरत नाही.

नवी यरुशलेम बारा हजार स्तदिया (अंतराचं जुनं ग्रीक माप) लांब, तेवढीच रुंद, तेवढीच उंच; तट १४४ हात (२१:१६-१७). इथं भाषांतर तपासाच. काहींनी माप कोसांत किंवा मैलांत बदललेलं असतं. वाचकाला अंतर कळतं, पण बारा हजार निसटतात आणि फोडायला काही उरत नाही.

आता साडेतीन. ४२ महिने (११:२), १,२६० दिवस (११:३), एक काळ, दोन काळ व अर्धा काळ (१२:१४). तीस दिवसांचा महिना धरून ४२ × ३० = १,२६०; तिन्ही एकच माप. एलीयाच्या काळातला दुष्काळ १ राजे १८:१ मध्ये ‘तिसऱ्या वर्षी’ संपायला येतो. लूक ४:२५ आणि याकोब ५:१७ त्याला साडेतीन वर्षं म्हणतात. आपल्या गावांत हा भाग वाचला की म्हाताऱ्या माणसांना बहात्तरचा दुष्काळ आठवतो. आठवू द्या, वचन तिथं नीट पोचतं. पण आपल्या दुष्काळांची सालं घेऊन १,२६० शी जुळवायला बसू नका.

## पायरी ७: अक्षरांची किंमत, म्हणजे ६६६

हिब्रू आणि ग्रीक लिहिणाऱ्यांकडे त्या काळी वेगळे अंक नव्हते. अक्षरंच अंकांचं काम करत. त्यामुळे प्रत्येक नावाची बेरीज निघे आणि ती काढणं हा रोजच्या करमणुकीचा भाग होता. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत एका भिंतीवर कुणीतरी लिहून ठेवलंय की जिची संख्या ५४५, तिच्यावर माझं प्रेम आहे.

दावीद हिब्रूत तीन अक्षरी: ४ + ६ + ४ = १४. मत्तयाच्या चौदाच्या साच्यामागे हे असावं, असं पुष्कळांना वाटतं. ते पटतं, कारण तो अध्याय दाविदाचंच नाव पुढे करतो.

६६६ साठी क्रम असा ठेवा.

पहिलं, प्रकटीकरण १३:१८ पूर्ण वाचा. श्वापदाची ही संख्या माणसाची आहे आणि ती मोजायला सांगितलंय. म्हणजे त्या काळच्या वाचकाला हिशोब जमण्याजोगा होता.

दुसरं, रोमी सम्राट नीरो कैसर याचं नाव हिब्रू अक्षरांत मांडा: ५० + २०० + ६ + ५० आणि १०० + ६० + २००. बेरीज ६६६. नावाचं लॅटिन रूप घेतलं की शेवटचा ५० गळतो आणि ६१६ उरतात. काही प्राचीन हस्तलिखितांत नेमकं ६१६ च आहे; दुसऱ्या शतकात मंडळीचा धर्मशिक्षक आयरेनियस याला ते माहीत होतं आणि त्याने ६६६ खरं मानलं. दोन्ही संख्या एकाच नावातून निघतात, हा नीरोच्या बाजूचा मजबूत पुरावा आहे. सगळ्या मंडळ्या तो स्वीकारत नाहीत; पुढे येणाऱ्या ख्रिस्तविरोधकाकडे बोट दाखवणारे पुष्कळ आहेत. सभेत दोन्ही बाजू सांगा.

तिसरं, ६६६ आणखी कुठं आहे ते बघा. शलमोनाकडे एका वर्षात येणारं सोनं ६६६ किक्कार, म्हणजे वजनाचं एक माप (१ राजे १०:१४). बंदिवासातून परतलेले अदोनीकामाचे वंशज ६६६ (एज्रा २:१३), आणि तीच यादी नहेम्या ७:१८ मध्ये ६६७ म्हणते. अदोनीकामाच्या पोरांना श्वापद ठरवायचं नसेल तर संख्या नुसती दिसली म्हणून दचकू नका.

सावधान: ही पद्धत देवनागरीला लावू नका. क ला १, ख ला २ अशी किंमत कुणी ठरवलेलीच नाही, त्यामुळे हवी ती बेरीज काढता येते. इंग्रजीतही तेच. पहिल्या अक्षराला ६, दुसऱ्याला १२ अशी किंमत देत गेलं की ‘कॉम्प्युटर’ या शब्दाची बेरीज बरोबर ६६६ येते. यावरून कॉम्प्युटरबद्दल काही कळत नाही. सोयीची किंमत निवडली की काहीही सिद्ध होतं एवढं कळतं.

## पायरी ८: कुठं थांबायचं

योहान २१:११ मधले १५३ मासे. प्राचीन मंडळीतल्या दोन धर्मपंडितांपैकी ऑगस्टीनने १ ते १७ ची बेरीज १५३ होते हे धरून १७ ची फोड केली, दहा आज्ञा अधिक आत्म्याची सात दानं. जेरोमने माशांच्या १५३ जाती असल्याचं म्हटलं. दोघंही मोठे, दोघांची उत्तरं वेगळी, आणि योहान गप्प. पायरी १ ते ७ मधून १५३ ला काढलं तर हाती एवढं राहतं: संख्या लिहिलेली आहे, अर्थ दिलेला नाही, शास्त्रात दुसरीकडे ती नाही. मासे मोजून घेतले, जाळं फाटलं नाही. हे सांगा आणि पुढच्या वचनाकडे जा.

याउलट, लोकांना भाकरी खाऊ घातल्यावर उरलेल्या तुकड्यांच्या मार्कातल्या टोपल्या. पहिल्यांदा बारा उरल्या (६:४३), दुसऱ्यांदा सात (८:८). इथं प्रभू स्वतः नावेत शिष्यांना दोन्ही आकडे विचारतो आणि वदवून घेतो (८:१९-२०). लेखकाने बोट ठेवलेलं आहे, तेव्हा थांबायचं नाही, खोदायचं. बारा इस्राएलासाठी आणि सात इतर राष्ट्रांसाठी, असं बरेच जण वाचतात, कारण दुसरं जेवण दकापलीस या बहुतांशी परराष्ट्रीयांच्या प्रदेशाच्या बाजूला येतं. ते मांडा, पण ‘असं वाचता येतं’ एवढ्याच जोरात मांडा.

शेवटची चाचणी सोपी आहे. तयार झालेला संदेश संख्येचा अर्थ गाळून एकदा वाचा. काही उरतं का? उरत असेल तर संख्या वचनाला मदत करतेय. काहीच उरत नसेल तर वचन बाजूला पडलंय आणि आकडा बोलतोय. अर्ध्या तासाच्या संदेशात एकच संख्या घ्या. तीन घेतल्या की लोक वहीत आकडे उतरवतात आणि वचन घरी नेत नाहीत.

## सभेत हमखास येणारे प्रश्न

*‘एमएच-२१ च्या गाडीला ६६६ नंबर आलाय, बदलून घेऊ का?’* नको. श्वापदाची संख्या एका नावाची आहे, आरटीओच्या मालिकेची नाही.

*‘मुलगा सात तारखेला जन्मला, काही विशेष?’* अभिनंदन करा. तारीख ज्या कॅलेंडरची आहे ते शास्त्राच्या लेखकांनी पाहिलेलंही नव्हतं.

*‘उपास २१ दिवसांचाच का ठेवतात?’* दानीएल १०:२-३ वरून. तिथं तो तीन आठवडे शोक करत होता, चांगलंचुंगलं खाणं, मांस आणि द्राक्षारस सोडून. अन्न पूर्ण सोडलं असं वचन म्हणत नाही, आणि २१ दिवस भरले की मागितलेलं मिळतं असंही म्हणत नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारावं, आणि पाळकांनी ते सभेतच सांगावं.